बर्फात गेलेला फणस

निघायला आम्हाला उशीर झाला, कारण धनूला बागेतल्या प्रत्येक कलमाला हात लावायचा होता. चालायची ताकद त्याच्या अंगात उरली नव्हती. म्हणून भाईने पिकअप बागेतल्या कच्च्या वाटेने एकेका कलमाजवळून हळूहळू नेली. मागे पेंढ्यावर टेकून बसलेल्या धनूने ताडपत्रीबाहेर हात काढून हाताला येईल ती फांदी चाचपली. मोहर नुकता फुटत होता. “भाई, हेका तुडतुडे लागतले, औषध मारून घी,” असं तो मधूनच सांगत होता. “होय रे, मारतंय,” असं म्हणत भाई गाडी चालवत होता आणि आरशात बघायचं टाळत होता. मी धनूच्या शेजारी बसून ताडपत्रीची दोरी धरली होती. मोहराचा वास नाकात शिरत होता आणि मला भयंकर राग येत होता, कुणाचा ते मात्र सांगता आलं नसतं.

धनू म्हणजे धनसिंग. तरुणपणी एका मुकादमाबरोबर देवगडच्या आमच्या बागेत राखणीला आला आणि राहिला. आमच्याकडे राखणीला बहुतेक नेपाळी माणसं असतात, म्हणून गावाने त्यालाही नेपाळी ठरवून टाकलं. होता तो कुमाऊंचा, पिथोरागडच्याही पुढे डोंगरात असलेल्या सिमलधार गावचा. सुरुवातीला तो हे सांगायचा, मग त्याने कुणाची चूक दुरुस्त करणं सोडून दिलं. आंबा उतरला की पावसाळ्यात गावी जायचा आणि दसऱ्याच्या सुमाराला परत यायचा. लग्न केलं नाही. गावी एक म्हातारी आई आणि दीवान नावाचा पुतण्या, एवढाच त्याचा गोतावळा. मालवणी तो आमच्यापेक्षा ठसक्यात बोलायचा. माझा थोरला भाऊ म्हणजे भाई, त्याच्याशी भांडायचा अधिकार घरात फक्त धनूला होता. मला तो ‘बाय’ म्हणायचा. मी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली बाई, माझ्याशी भांडायला कुणीच धजत नाही.

दिवाळीनंतर त्याचं पोट दुखू लागलं. गोव्याला नेऊन दाखवलं. डॉक्टरांनी भाईला बाजूला घेतलं, आणि बाहेर आलेल्या भाईचं तोंड बघून धनूला जे समजायचं ते समजलं. तो घरी आला. मग म्हणाला, “माका आवशीक (आईला) बघूचा आसा.”

दीवानला फोन केला. तो म्हणाला, आत्ता नका येऊ, रस्त्यावर बर्फ आहे, फाल्गुनात रस्ता मोकळा होईल, तेव्हा आणा. मी ते धनूला सांगितलं. तो माझ्याकडे बघून हसला. “फागून माका गावाचो (मिळायचा) नाय, बाय.”

झालं. भाईने त्याच दिवशी ठरवलं, पिकअपने न्यायचं. आगगाडीत एवढा प्रवास आडवं पडून कसा करणार, शिवाय पुढे डोंगरात कोण नेणार? दीवानने हात टेकले आणि एकच गोष्ट बजावली. बर्फ वरून मऊ दिसतो, पण पोटात दगड आणि घट्ट झालेले गठ्ठे असतात. गाडीच्या तोंडाखालचं प्लास्टिकचं झाकण पहिल्याच फटक्याला उडतं, मग इंजिनाच्या तेलाचा चेंबर फुटतो, आणि एकदा चेंबर फुटला की गाडी तिथेच राहते. तेव्हा पुढे खालून मजबूत चेंबर गार्ड लावून या.

असे गार्ड बाजारात तयार मिळतात. पण आमचा भाई बाजारातलं तयार काही घेईल तर शपथ! तो पिकअप घेऊन थेट मालवणला, खाडीकाठी होड्या बांधणाऱ्या पास्कू मेस्त्रीकडे गेला. दोघे शाळेपासूनचे मित्र. मीही बरोबर होते. पास्कू गाडीखाली सरपटत गेला, टॉर्च मारून बघितलं आणि बाहेर येऊन दाढी खाजवत म्हणाला, “लाकूड खंय आसा?”

लाकूड भाईने बरोबरच आणलं होतं. बागेत धनूच्या खोपीला लागून एक जुना फणस होता. मागे वादळात तो उन्मळून पडला, त्या दिवशी धनू जेवला नव्हता. त्याच्या फळ्या कापून आम्ही माळ्यावर ठेवल्या होत्या, कधीतरी दार करू म्हणून. त्या फळ्यांचं काय करतोय हे सांगितल्यावर धनूचा चेहरा खुलला. “बरां झाला. माझो फणस माझ्यावांगडा (माझ्याबरोबर) येतलो.”

पास्कूने जीव ओतून काम केलं. फळ्या एकमेकींना जोडल्या, पुढची बाजू होडीच्या नाळेसारखी (पुढच्या निमुळत्या टोकासारखी) वर उचलली, दोन्ही कडांना उभ्या फळ्यांचे काठ केले आणि खालून पत्रा ठोकला. लांबीला तर त्याने हात आखडता घेतलाच नाही, गार्ड गिअरबॉक्सच्याही मागे नेला. मग फटींत कापूस ठासून वरून चंद्रूस (होडीच्या फटी बुजवायची राळ) ओतला. बोल्ट आवळून झाल्यावर त्याने बुडावर थाप मारली.

“पाण्याचो थेंब भितर इलो तर माझा नाव पास्कू नाय.”

“पास्कू, तिथे पाणी नाही, बर्फ असतो,” मी म्हटलं.

“टीचर, बर्फ म्हणजे थिजलेला पाणीच मां?”

विज्ञानाच्या दृष्टीने उत्तर बरोबर होतं.

तर असे आम्ही निघालो. मागे आंब्याच्या पेट्या पालथ्या मांडून त्यावर पेंढा, पेंढ्यावर गादी, गादीवर धनू. तळेऱ्याला चहा घेतला, घाट चढलो आणि कोल्हापूर ओलांडलं. पुढचे दिवस सारखेच गेले, सपाट रस्ता, उसाचे ट्रक, धूळ. धनूच्या पोटात पेजेशिवाय (भाताच्या पातळ कांजीशिवाय) काही ठरत नव्हतं. मी पेट्रोल पंपाच्या आडोशाला, कुठे देवळाच्या ओसरीत छोटा स्टोव्ह पेटवून पेज करायचे. लोक येऊन विचारायचे, कोण आजारी आहे, कुठे नेताय. गाव किती लांब आहे ते ऐकून एका बाईने घरातली रजई आणून दिली आणि नावही न सांगता निघून गेली. ती रजई पुढे फार उपयोगी पडली.

भाईचं हिंदी म्हणजे मालवणीला शेवटी ‘है’ जोडलेलं. धाब्यावर तो “भैया, वायच (जरा) गरम पाणी होना है” असं म्हणाला की मागून धनू क्षीण आवाजात भाषांतर करायचा आणि स्वतःच हसायचा. हसताना त्याला दुखायचं. आम्ही त्याला हसवायचं की नाही, हे आमचं दोघांचं ठरत नव्हतं.

इंदूरच्या पुढे चढावर गाडी तापून काटा चढायला लागला. “गाडी म्हातारी झाली, तुझ्यासारखी,” भाई मला म्हणाला. थांबलो, थंड केली, निघालो. एका पंपावर एक सरदारजी वाकून गाडीखाली बघत राहिले. “ओ जी, गाडी के नीचे नाव क्यों बाँधी है?” भाईची छाती फुगली. त्याने त्यांना पास्कूची सगळी कारागिरी हातवारे करून सांगितली. सरदारजींनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “हवा कहाँ से जाती है?” भाईने त्यांना उत्तर दिलं नाही, कारण प्रश्न त्याला फालतू वाटला.

हलद्वानीनंतर डोंगर लागले. चीड (पाइन) आणि देवदार, खाली दरीत नदीची रेघ, अंगाला चावणारी थंडी. धनूला आता मागे ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून पुढे आमच्या दोघांच्या मध्ये बसवला. तो डोळे विस्फारून बाहेर बघत होता. एका वळणावरच्या दुकानात त्याने स्वतः चहा सांगितला, त्याच्या पहाडी बोलीत. दुकानदाराने चहा पुढे केला आणि हिंदीत विचारलं, “बाहर से आये हो?” धनूने ग्लास हातात धरून ठेवला. चहा निवला तरी त्याने तोंडाला लावला नाही.

“धनू, त्याला ऐकू आलं नसेल नीट,” मी म्हटलं.

“नाय गो बाय. आयकला तेणां. माझी जीभच आता थंयची (तिकडची, देवगडची) झाली.”

त्याने गाव सोडलं तेव्हापासून हिवाळ्यात तो कधी गावी नव्हता. हिवाळा म्हणजे आमच्याकडे मोहर आणि माकडं, तेव्हा त्याला रजा कशी मिळणार? गेली काही वर्षं गुडघ्यांमुळे पावसाळ्यातही गेला नव्हता. त्यामुळे रस्त्याकडेला पहिला बर्फ दिसला तेव्हा माझ्याइतकाच तोही हरखला. भाईने उतरून मूठभर आणून दिला. धनूने तो जिभेवर ठेवला. “पावडरीचा दूध लागता,” म्हणाला. मीही चाखून बघितला. मला तर मातीची चव लागली.

शेवटचं मोठं गाव गेल्यावर रस्ता नावालाच उरला. दोन बाजूंना डोंगर आणि मध्ये पांढरा पट्टा, त्यात आधी गेलेल्या एखाद्या गाडीच्या चाकोऱ्या. त्याही पुढे संपल्या. भाईने चाकांना साखळ्या बांधल्या, देवाचं नाव घेतलं आणि गाडी घातली. आणि खरं सांगते, पास्कूची नाळ बर्फ कापत अशी निघाली की बघत राहावं. दोन्ही बाजूंना बर्फ उडत होता. बुडावर दगड खाडखाड आपटत होते, गठ्ठे फुटत होते आणि फणस दाद देत नव्हता. “पास्कू रे पास्कू!” भाई ओरडत होता. धनूही मान डोलावत होता. मला वाटलं, पोचलो.

चढ वाढला तसा काटा परत चढला, या वेळी लाल रेघेच्या पलीकडे गेला. एका वळणावर भाईने गाडी थांबवली. समोर दरी होती, दरीच्या पलीकडल्या अंगावर पाच-सहा छपरं होती आणि एका छपरातून धूर निघत होता. धनू सरळ होऊन बसला. बोट त्याने काचेला लावलं.

“थंय. त्या धुराकडे. आमचा घर.”

गाडी निवू दे, मग एका दमात चढू, असं भाई म्हणाला. मी चहा टाकला. वारा फार बोचरा होता, ऊन असून नसल्यासारखं होतं. चहा पिऊन होईस्तोवर बराच वेळ गेला. भाईने किल्ली फिरवली. गाडीखालून एक किंचाळी आली, मग फाटल्यासारखा आवाज, आणि सगळं शांत झालं.

भाई खाली शिरला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. मीही वाकून बघितलं. पास्कूच्या त्या सुबक पेटीत काठोकाठ बर्फ होता. पुढच्या जाळीतून आणि चाकांकडून उडालेला बर्फ वरून आत पडत गेला होता. इंजिनाच्या उष्णतेने वितळला, पण खाली जायला एक भोक नाही. त्यात आम्ही थांबलो. पाणी गोठून दगड झालं आणि त्यात पंख्याची पुली अडकली. किल्ली फिरवल्याबरोबर पट्टा तुटून चिंध्या झाल्या.

भाई बाहेर येऊन बर्फात तसाच बसला. “होडीक पाणी भायर ठेवूचा आसता,” तो मला नाही, स्वतःलाच सांगत होता. “भितर इला तर उपसूक माणूस आसता. हयसर (इथे) उपसूक कोण होतो? पास्कू इसारलो. मीव इसारलंय.” दुसरा पट्टा आम्ही आणला नव्हता. समोर धूर दिसत होता, पण रस्ता दरीला वळसा घालून जात होता. गुडघाभर बर्फात धनूला पाठीवर घेऊन तेवढं चालणं सत्तरीकडे झुकलेल्या भाईला जमणारं नव्हतं. भाई रडू लागला. आई गेली त्यानंतर त्याला असं रडताना मी पहिल्यांदाच बघत होते.

धनूने काच खाली केली. “भाई, रडतस कित्याक (कशाला)? घर दिसला मां माका.”

मला ते ऐकवेना. मी दीवानला फोन लावला. रेंज येत होती, जात होती, पण ‘वळण’ आणि ‘गाडी बंद’ एवढं त्याला समजलं. मग काहीतरी करायचं म्हणून भाईने पाने काढले आणि गार्डचे बोल्ट सोडायला घेतले. शेवटचा बोल्ट सुटला, गार्ड धाडकन खाली पडला, भाईने चिडून त्याला लाथ घातली. तो बर्फावरून सुर्रकन घसरत उतारावर निघाला. भाई त्याच्यामागे धावला, अंग टाकून त्याने तो पकडला, आणि तसाच पालथा पडून माझ्याकडे बघत राहिला. आम्हा दोघांच्या मनात एकच आलं.

आतला बर्फ दगडाने फोडून काढला. ताडपत्रीचा दोर नाळेच्या बोल्टच्या भोकांतून ओवला. आत पेंढा, पेंढ्यावर गादी दुमडून, त्यावर ती रजई. धनूला भाईने उचलून त्यात बसवला. आता त्याचं वजन ते काय राहिलं होतं! गुडघे पोटाशी घेऊन तो नीट मावला. पास्कूने लांबीला हात आखडता घेतला असता तर मावला नसता.

भाईने दोर खांद्यावर घेतला, मी मागून ढकलू लागले. आम्ही जेमतेम थोडं अंतर गेलो असू, तेवढ्यात वरून दीवान आणि गावातले चार-पाच पुरुष येताना दिसले. त्यांनी आधी धनूच्या पायांना हात लावला, मग दोराला. भाईच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. मासेमारी आटोपल्यावर किनाऱ्यावर होडी ओढून घेताना घालतात तशी हाळी त्याने घातली, “ओऽऽढ रे! ओऽऽढ!” ती त्या माणसांना लगेच समजली. दरीच्या त्या बाजूने आवाज परत येत होता. मी मागून बघत होते. रजईतून फक्त धनूची माकडटोपी दिसत होती.

“भाई,” तो म्हणाला, “होडी बरी चलता.” आणि हसला. एवढं मोकळं हसताना मी त्याला पुन्हा बघितलं नाही.

त्याची इजा (कुमाऊंत आईला इजा म्हणतात) दारात उभी होती. वाकलेली, अगदी लहानखुरी बाई. तिने धनूचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि काहीतरी बोलली. दीवानने आम्हाला सांगितलं, “कह रही है, तू इतना बूढ़ा कब हो गया?” धनूने तिच्या पदरात तोंड घातलं. मी आणि भाई अंगणातल्या बर्फात उभे होतो, आम्हाला कुणी आत या म्हणेपर्यंत आमच्या ते लक्षातही आलं नाही.

चुलीपाशी बसवून तिने आम्हाला वाढलं. मडुव्याची रोटी आणि गहतची डाळ. घास तोंडात गेल्यावर मी आणि भाईने एकमेकांकडे बघितलं. मडुवा म्हणजे आपली नाचणी. गहत म्हणजे आपला कुळीथ. धनूनेही दोन घास खाल्ले. किती दिवसांनी त्याने घन काही खाल्लं होतं. “बाय, पिठी,” तो म्हणाला. आमच्याकडे थंडीच्या दिवसांत तो कुळथाच्या पिठीवर एवढा का तुटून पडायचा, ते मला तिथे त्या चुलीसमोर कळलं. रडू आलं, धुराचं निमित्त होतं म्हणून खपलं.

आम्ही तिथे राहिलो. भाई आणि दीवान रोज गाडीकडे जात. पट्टा खालच्या गावातून मागवावा लागला होता. मी धनूपाशी बसत होते, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला इजा. त्याला ताप चढला. तापात तो बोलू लागला, आणि बोलला ते सगळं मालवणीत. “वांदर इले, वांदर.” “पंप बंद कर रे.” “भाई, तुडतुडे.” इजा त्याच्या तोंडाजवळ कान नेई आणि मग माझ्याकडे बघून मोडक्या हिंदीत विचारी, “क्या बोलता है मेरा बेटा?” मी सांगत होते. बंदर कहता है. पंप कहता है. ती मान हलवायची आणि त्याचं कपाळ पुसायची. स्वतःच्या मुलाचं बोलणं तिला परक्या बाईकडून समजून घ्यावं लागत होतं. ती मला एकदाही टाकून बोलली नाही. बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

एके दिवशी सकाळी ताप उतरला. त्याने डोळे उघडले, नीट ओळख असलेले डोळे. छपराकडे बघितलं, इजाकडे बघितलं, मग माझा हात धरला.

“बाय, खूप झाला आता. चल, घराक जावया.”

इजाने माझ्याकडे बघितलं. “क्या बोला?”

मी आयुष्यभर मुलांना खरं बोलायला शिकवलं. मी म्हटलं, “बोलता है, घर आ गया.”

म्हातारीचा चेहरा उजळला. “हाँ बेटा,” ती त्याच्या केसांतून हात फिरवत म्हणाली, “घर आ गया.” हिंदी धनूला समजत होतं. मी काय सांगितलं ते त्याने ऐकलं होतं. तो माझ्याकडे बघत राहिला, आणि काही बोलला नाही. कुणाची चूक दुरुस्त करायची सवय त्याची केव्हाच सुटली होती.

दुपारी, अंगणात ऊन असताना, तो गेला.

बर्फाच्या दिवसांत कोरडं लाकूड म्हणजे डोंगरातल्या घरांचा जीव. तरी प्रत्येक घरातून दोन-दोन ओंडके आले. तेवढ्याने भागणार नव्हतं, ते सगळ्यांना दिसत होतं. भाई कुणाला काही न विचारता अंगणातून पास्कूचा गार्ड घेऊन आला. त्याने खालचा पत्रा उचकटला, खिळे एकेक काढले आणि फणसाच्या फळ्या सुट्या करून ओढ्याकाठी रचलेल्या चितेवर ठेवल्या, दोन उशाला, बाकीच्या छातीवर. चंद्रूस भरभरून पेटला. त्या बर्फात, त्या डोंगरात मालवणच्या खाडीकाठचा वास सुटला. भाई धुरात उभा राहिला, बाजूला सरला नाही.

निघताना इजाने मला नाचणीच्या पिठाची पुरचुंडी दिली. दीवानने पत्रा गोठ्याच्या दाराला लावला होता.

परतीच्या वाटेवर गाडी एकदाही तापली नाही. पुढून खालून मोकळी होती, वारा खेळत होता. आग्र्याच्या अलीकडे पास्कूचा फोन आला. भाईने स्पीकर लावला. “भाई, गार्ड कसो चललो?” भाईने रस्त्यावरची नजर न काढता सांगितलं, “बरो चललो. तुझ्यामुळे धनू आवशीकडे पावलो.” राहून गेलेल्या भोकाचं तो बोलला नाही. मीही नाही. धनू गेल्याचं सांगितल्यावर पास्कूने फोन ठेवला.

मागे पालथ्या पेट्या आणि विस्कटलेला पेंढा. मी पुढेच बसले होते, पण मध्ये धनूची जागा ठेवून. दोघेही तिथे सरकत नव्हतो. त्या एवढ्या रस्त्यात मी विचार करत होते की घर म्हणजे काय. जिथे आई असते ते, की जिथल्या झाडांची काळजी झोपेतही सुटत नाही ते? त्याला दोन्ही घरं होती असं कुणी म्हणेल. मला तर वाटत होतं, एका घरात त्याला सगळे नेपाळी म्हणाले आणि दुसऱ्या घरात त्याचं शेवटचं बोलणं कुणाला समजलं नाही. समजलं ते मला, आणि मी ते दाबून टाकलं.

घाट उतरून तळेऱ्याला आलो. इथून देवगडचा रस्ता फुटतो. भाईने गाडी कडेला घेतली, चहा सांगायला म्हणून. उतरला नाही. तेव्हा मी त्याला सांगितलं. भाई दीवानबरोबर गाडीकडे गेला होता त्या सकाळी धनू काय बोलला, आणि मी इजाला काय सांगितलं.

भाईने स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. बराच वेळ समोरून गाड्या गेल्या.

“मगे आमी तेका थंय नेला कित्याक?”

“त्याच्या आईने त्याला बघितलं, भाई.”

“होय. ता खरां.” चहावाल्याने ग्लास आणून खिडकीत ठेवले, ते तसेच राहिले. मग भाईने एकदम माझ्याकडे वळून विचारलं, “फणसाच्यो फळयो सगळ्यो जळल्यो मां? एकय रवली नाय?”

“सगळ्या जळल्या.”

“बरां,” भाई म्हणाला. “तेचो फणस तेच्यावांगडा गेलो.” त्याने गाडी सुरू केली आणि देवगडच्या रस्त्याला लावली.